वजनखोलीचा वास

"आज वास जास्त येतोय का हो?" असं नवीनं, म्हणजे जिला सगळ्या 'नवी' म्हणतात तिनं, विचारलं आणि माझ्या हातातलं लेबल डब्यावर तिरकं बसलं. या टेबलावर आल्यापासून माझं एक लेबल तिरकं लागलेलं मला आठवत नाही. ती नुकतीच वजनखोलीचं दार मागे लोटून बाहेर आली होती. मास्क गळ्यात उतरवलेला, कपाळावर टोपीच्या रबराचा वळ आणि नाक मनगटानं दाबून धरलेलं. विचारलं तिनं सगळ्यांनाच. पॅकिंगवाल्या दोघी हसल्या. एक म्हणाली, "वास? इथे? अगं, दोन वर्षं झाली की तुला." दुसरी म्हणाली, "हिचं नाक अजून जिवंत आहे म्हणायचं." नवीही हसली आणि हात धुवायला गेली. मी ते लेबल नखानं उचकटायला घेतलं, पण आमचा डिंक चांगला असतो. लेबल फाटलं, अर्धं डब्यावरच राहिलं. पोटात कळ येते तसं काहीतरी झालं, आणि ती कळ कसली होती हे मला तिथेच, उभ्याउभ्या, नीट कळलं. माझ्या पोटात दुखत होतं. लोक म्हणतात ना, हिच्या पोटात दुखतं, अगदी तसं.

आमच्या इथे व्हिटॅमिनच्या पावडरी पिंपांतून येतात. आम्ही त्या तोलतो, मिसळतो, डब्यांत भरतो. मग ते डबे गोळ्या करणाऱ्यांकडे, पीठवाल्यांकडे, दूधपावडरवाल्यांकडे जातात. तोलायचं काम काचेच्या खोलीत चालतं, तिला आम्ही वजनखोली म्हणतो. हवा ओढून घेणारा पंखा सतत घुमत असतो, तरी पावडर उडायची ती उडतेच. आणि वास. आंबूस, थोडा औषधी, थोडा भिजलेल्या पुठ्ठ्याचा. पहिल्या दिवशी वाटतं आता उलटी होणार. आठवड्याभरात तो वास जातो. जातो म्हणजे तो असतोच, आपलं नाक त्याला सोडून देतं. घरचे सांगतात की केसांना वास येतोय, तेव्हा आपण केस हुंगून बघतो आणि काहीच लागत नाही. ज्यांनी मला काम शिकवलं त्या काकू, सगळे त्यांना नाकवाल्या काकू म्हणायचे, त्या एकदा डबा खाताना सहज बोलल्या होत्या, "गेलेला वास परत आला ना, की समजायचं, दिवस राहिले. डॉक्टर नंतर सांगतो. मला तिन्ही वेळा आधी नाकानं सांगितलं." तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. मी हसले होते. पण ते वाक्य आत कुठेतरी जाऊन बसलं, आणि नंतर मी त्याच्यावरच जगले म्हटलं तरी चालेल.

वजनखोलीचा एक नियम आहे. 'ए' व्हिटॅमिनची पावडर शरीराला लागतेच, पण थोडी. जास्त झाली तर पोटातल्या बाळाला बाधते, आणि तीही अगदी सुरुवातीला, डोळे-कान-काळीज आकाराला येत असतात तेव्हा. त्या वेळी आईला अनेकदा पत्ताही नसतो. मास्कमधून किती आत जातं, कोणाला किती चालतं, हे छातीठोकपणे कोणी सांगत नाही, म्हणून तर नियम आहे. दिवस राहिलेलीनं खोलीत जायचं नाही हे उघड आहे. पण राहावेत असं मनात असेल तिनंही जायचं नाही. कागद नाही, पत्र नाही. सुपरवायझर बाईंकडे जाऊन एवढंच म्हणायचं, "बाई, मला टेबलावर घ्या." बाई मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी आपण लेबलच्या टेबलावर. नियम शहाण्यानंच केला असणार. फक्त त्याच्या हे लक्षात आलं नाही की टेबल हॉलच्या मधोमध आहे. तिथे बसलं की येणारीजाणारी प्रत्येक जण आधी तोंडाकडे बघते आणि मग नजर खाली नेते. पहिल्या महिन्यात लाजायला बरं वाटतं. सहाव्या महिन्यात लोक हळू आवाजात विचारतात. मग विचारायचे बंद होतात, आणि ते बंद होणं जास्त ऐकू येतं. टेबलाला दोन खुर्च्या आहेत. शेजारच्या खुर्चीवर किती जणी आल्या, पाय सुजवून बसल्या, पेढ्यांचा पुडा सगळ्यांत फिरवून रजेवर गेल्या. माझी खुर्ची माझीच राहिली. तिच्यावर मी घरून शिवून आणलेली उशी आहे, तीही आता मध्ये दबली आहे. आणि दिवसभर मी जे चिकटवते त्या लेबलावर शेवटची ओळ अशी: गरोदर असाल किंवा गरोदर राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. एवढ्या डब्यांना मी ती ओळ लावली आहे की डोळे मिटले तरी अक्षरं दिसतात. विचार असेल तर. विचार तर आहेच, दुसरं काय आहे.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी नवीकडे बघत राहिले. ती काही नवी नाही. तिच्यानंतर तिघी-चौघी आल्या, पण ते नाव तिलाच चिकटलं, कारण ती आली ती थेट माझ्या जागेवर. मी टेबलावर आले आणि माझा चमचा, माझा तराजू, माझं ते उंच स्टूल, सगळं तिला मिळालं. खरं सांगायचं तर मला वजनखोली आवडायची. लोकांना देऊळ आवडतं, बागेतलं बाकडं आवडतं, मला ती काचेची पेटी आवडायची. आत गेलं की हॉलमधली बडबड बंद, नुसता पंख्याचा आवाज. पिंपात चमचा घालायचा, तराजूवर रिता करायचा, आकडे थरथरतात आणि एका ठिकाणी येऊन थांबतात. माझा हात असा बसला होता की पहिल्याच चमच्यात वजन बरोबर यायचं. बाई कोणाला खोली दाखवायला आणायच्या तेव्हा मुद्दाम मलाच तोलायला लावायच्या. बी-टूची पावडर केशरी-पिवळी असते, दोन हातमोजे घातले तरी नखांच्या कडा पिवळ्या व्हायच्या. आमचं ठरत होतं तेव्हा नवरा म्हणाला होता, "हळद कुटतेस का कुठे?" नवीचा हात तसा नाही. ती घालते, जास्त झालं म्हणून काढते, कमी पडलं म्हणून परत घालते. आकडे बिचारे नाचत राहतात. काचेबाहेरून ते बघताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले की हा राग कामाचा आहे. आता कळलं, त्या रागाच्या आत आणखी एक खोली होती. आधी हिनं माझी जागा घेतली. आता त्याच जागेवर बसून, काही न मागता, उशी न शिवता, कोणाला न सांगता, हिला तेही मिळालं.

घरी आले तर नवऱ्यानं भाजी निवडून ठेवली होती. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या इमारतींत दोरांना लटकून येतो आणि घरी माझ्याशी अगदी हळू बोलतो. जास्त भार टाकला तर मी मध्येच अडकेन अशी त्याला भीती असावी. सकाळची गोळी तोच देतो. फोलिक ॲसिडची, रोज एक. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ही दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची, राहिल्यावर पहिले तीन महिने तरी चालू ठेवायची, आणि एक म्हणजे एकच, दोन घेतल्यानं बाळ लवकर येत नाही. तेव्हा आम्ही दोघे हसलो होतो. महिनाअखेरीला तो स्वतः दुकानातून नवी पट्टी आणतो आणि कपांच्या फळीवर ठेवतो. पाण्याचा पेला, त्याच्या शेजारी गोळी, आणि तो पाठ करून चपला घालत असतो, म्हणजे मी घेताना त्यानं बघितलं असं मला वाटू नये. जाऊबाईंनी मध्यंतरी माशाच्या लिव्हरच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या होत्या, "माझ्या दोन्ही वेळेला मी याच घेतल्या, भरपूर ताकद असते." त्यात 'ए' असतं. मी त्या तशाच परत नेऊन दिल्या तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. "आम्हाला काही झालं नाही हो," म्हणाल्या. झालं नाही हे खरंच होतं. त्यांची दोन्ही मुलं शेजारच्या खोलीत एकमेकांच्या झिंज्या ओढत होती. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं होतं, बाकीच्यांना कशानंच काही होत नाही, आणि मला कशानंच काही होत नाही. त्याला हसावं की नाही ते कळेना.

आणि एकदा वास आलाही होता. गेल्याच्या गेल्या वर्षी, टेबलावर बसलेली असताना. वजनखोलीचं दार उघडलं आणि तो आंबूस ओला पुठ्ठा नाकात शिरला. मी लेबल लावायची थांबले. कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं की फुटलं. दार परत उघडायची वाट बघत बसले. उघडलं, परत आला. तो पूर्ण आठवडा मी त्या वासावर काढला. जेवण जात नव्हतं आणि मी खुशीत होते. घरी सांगितलं नाही, म्हटलं डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्यावर सांगू. मग एका सकाळी दार उघडलं आणि काही आलं नाही. परत उघडलं, नाही. दुपारी कंबर धरली. तेवढंच. त्याला नाव द्यावं इतकंही ते नव्हतं, आणि ज्याला नाव नाही त्याच्यासाठी रजा कशी मागणार. मी नाक शिंकरून परत कामाला लागले. पॅकिंगवाल्या म्हणाल्या, सर्दी झाली वाटतं.

आता प्रश्न एवढाच होता: नवीला दिवस राहिले आहेत, ती खोलीत जाते आहे, आणि हे फक्त मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी तोंडात मिठाची गुळणी धरली. म्हटलं, सांगेल ती आज. नाही सांगितलं. मास्क चढवून आत गेली, 'ए'चं पिंप उघडलं, घातलं, काढलं, परत घातलं. पावडर उजेडात तरंगताना काचेतून मला दिसत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. मला सांगता आलं असतं. चार पावलं चालून बाईंकडे जायचं होतं, किंवा तिलाच बाजूला घ्यायचं होतं. मी डब्यांना लेबलं लावत राहिले, गरोदर असाल किंवा, गरोदर असाल किंवा. मनात तेव्हा काय चाललं होतं ते मी चांगलं ओळखत होते. तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. पण ते व्हायला नको म्हणून मी धावून जावं असंही वाटत नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये एक चिंचोळी जागा असते, तिथे बसायला बरं वाटतं, आणि मी तिथे पाय पोटाशी घेऊन बसले होते. जीभ रेटून सांगावं तर लोक म्हणणार, बघा, हिला स्वतःला होत नाही म्हणून दुसरीच्या पोटावर डोळा. न सांगावं तर कोणीच काही म्हणणार नाही. मला वाटलं होतं की मत्सर म्हणजे आग-बिग असते, जाळते-बिळते. तसलं काही नाही. तो आरामात बसतो. घरी आल्यावर मी नेहमीपेक्षा जास्त जेवले.

मग चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं पेला ठेवला, गोळी ठेवली आणि चपला घालायला वळला. गोळी जिभेवर ठेवली आणि एकदम मनात आलं, ती घेत असेल का? इतकी साधी गोष्ट. चिंचोळ्या जागेत बसून मी तिच्या नाकाचा, तिच्या पोटाचा, तिच्या नशिबाचा विचार केला होता. या गोळीचा केला नव्हता. ही गोळी उशिरा घेऊन फारसा उपयोग नाही, तिचं काम पहिल्या काही आठवड्यांतच असतं, बाळाचा कणा मिटायचा असतो तेव्हा. डॉक्टरीणबाई दोन्ही हातांचे तळवे जोडून दाखवायच्या, असा मिटतो. मला ते जोडलेले हात दिसले. मी पाणी प्यायले आणि फळीवरची उरलेली पट्टी पर्समध्ये टाकली. का, ते स्वतःला विचारलं नाही, विचारलं असतं तर परत ठेवली असती.

हात धुवायच्या खोलीत ती एकटीच सापडली. बेसिनला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मी नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"कितवा?" मी विचारलं.

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. खोटं बोलावं की नाही याचा हिशेब तिच्या तोंडावर स्पष्ट दिसला. मग ती म्हणाली, "दुसरा लागलाय. कोणाला बोलू नका."

"खोलीत कशी जातेस मग?"

"दोन मास्क लावते. एकावर एक."

"मास्कचं काय घेऊन बसलीस. बाईंना सांग. आजच टेबलावर घेतील."

तिनं नळाखाली हात धरला. मी विचारलं, "गोळी घेतेस का? फोलिकची?"

यावर ती चक्क हसली. "गोळी कशाला वेगळी? आपण इथे दिवसभर तेच तर नाकानं घेतोय. आपल्या अंगात इतकं असेल की दहा बायकांना पुरेल."

हे आमच्या हॉलमधलं जुनं शास्त्र. पीठवाल्याच्या घरी कोणी उपाशी नसतं, तसं आमच्यात व्हिटॅमिन कमी असणं शक्य नाही, असं सगळ्या मानतात. पॅकिंगवालीला मागे चक्कर आली तेव्हाही सगळ्यांनी तिलाच वेड्यात काढलं होतं. मी म्हटलं, "अगं, नाकानं जातं ते मोजून जात नाही. जे नको ते जातं, आणि जे पाहिजे ते किती जातं ते देवाला माहीत. ही घे. रोज एक. एकच. दोन नाही. डॉक्टरकडे जा आणि ही चालेल का ते विचार, आणि घरात कोणी ताकदीची म्हणून दुसरी कसली बाटली दिली तर विचारल्याशिवाय तोंडात घालू नकोस." मी पट्टी पुढे केली. काही घरं रिकामी होती, काही भरलेली. तिनं ती घेतली आणि उलटसुलट करून बघितली.

"ही तुमची आहे?"

"हो."

"मग तुम्ही?"

"मी आणीन दुसरी. बाईंना सांगणार आहेस ना?"

ती पट्टीकडेच बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलं आणि टेबलावर बसले आणि मग काही झालं तर? निसटलं तर? एकदा बसलं की सगळ्यांना कळतं. मग ते विचारत राहतात. मग तुमच्यासारखं..." तिथे तिनं जीभ चावली. "तसं नाही. म्हणजे मला तीन महिने जाऊ द्यात, मग सांगते."

नळ चालूच होता. मी तो बंद केला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, ते मला दिसत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मी इतके दिवस समजत होते की टेबलावर बसून मी तिच्यावर जळते आहे. ती तिकडून मला बघत होती आणि घाबरत होती. मी म्हणजे एक पाटी होते, इथे बसाल तर अशा व्हाल. तिचं बाळ 'ए'च्या पावडरीत होतं, कारण तिला माझी खुर्ची नको होती.

दुपारी मी बाईंकडे गेले. बाई जुन्या मालाचे नमुने तपासत होत्या. चालत जाताना माझ्या डोक्यात दोन वाक्यं होती, आणि कुठलं बाहेर येईल ते मला ठाऊक नव्हतं. नवीला दिवस गेलेत, हे एक. ते तिचं वाक्य होतं, आणि माझ्या तोंडून आलं असतं तर त्याला माझ्या तोंडाचा वास लागला असता.

"बाई, मला खोलीत परत घ्या," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"म्हणजे टेबल पुरे झालं."

"घरी बोललीस?"

"हो," मी म्हटलं. ते खोटं होतं.

"डॉक्टर काही म्हणाले का?"

"डॉक्टर काय म्हणणार. मलाच कंटाळा आला."

बाईंनी हातातला नमुना खाली ठेवला. त्या चांगल्या आहेत, आणि चांगल्या माणसांपुढे उभं राहणं कधीकधी फार जड जातं. मग म्हणाल्या, "खोलीत एकच तराजू. तुला घेतलं तर नवीला टेबलावर आणावं लागेल. तिनं काही मागितलेलं नाही. तिला काय सांगू?"

"तिचा हात जड आहे, बाई," मी म्हटलं. "घालते, काढते, परत घालते. किती उडतं बघा ना." आणि हे म्हणताना मला इतकं बरं वाटलं, इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम मोकळं झालं, की तेव्हाच मला कळलं, मी हे फक्त तिच्या बाळासाठी करत नाहीये.

"ते माझ्याही लक्षात आलंय," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी नवरा दारातच होता. मला सांगायचं होतं. वाटेत मी वाक्यंही तयार केली होती. पण त्यानं फळीकडे बघून विचारलं, "पट्टी संपली का एवढ्यात?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मीच विसरलो असेन बघायला," आणि चपला न काढताच परत खाली उतरला. तो पट्टी घेऊन येईपर्यंत मी गॅसपाशी उभी राहिले. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत माझ्या स्टुलाकडे निघाले. मास्क चढवायच्या आधीच दारातून तो वास आला. आंबूस, औषधी, ओला पुठ्ठा. मी जागच्या जागी थांबले आणि माझा हात पोटाकडे गेला. हात मूर्ख असतो. दोन वर्षं या खोलीबाहेर होते, म्हणून नाक नव्यानं उघडलं होतं, एवढंच. कोणीही परत आत आलं तर त्याला पहिल्यांदा वास येणारच. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी तो हात तिथून निघेना. मग मी पिंप उघडलं, चमचा घातला, रिता केला. आकडे थरथरले आणि बरोबर जिथे पाहिजे तिथे थांबले. पहिल्याच चमच्याला. काचेबाहेर नवी माझ्या खुर्चीत बसत होती. तिनं उशी उचलली, बघितली आणि शेजारच्या खुर्चीवर टाकली.

डब्याच्या सुट्टीत मी हात धुवून येत होते तेव्हा दाराआडून ऐकू आलं. नवीच बोलत होती. "जळते माझ्यावर. पहिल्यापासून जळते. हात जड आहे म्हणून सांगितलं बाईंना. जागा पाहिजे होती तिला परत." तिचा आवाज ओला होता. तिला खरंच लागलं होतं. मी आत जाऊन काही म्हणू शकले असते, पण काय म्हणणार. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मग पॅकिंगवाली म्हणाली, "पण ती खोलीत परत गेली म्हणजे..." आणि तिनं डब्याचं झाकण लावून टाकलं. थोड्या वेळानं दुसरी हळूच म्हणाली, "बिचारी." जळकी म्हटलेलं मी ऐकून घेतलं होतं. ते 'बिचारी' मात्र ऐकवेना. मी परत फिरले आणि जिन्यात बसून एकटीच जेवले.

नवऱ्याला तीन-चार दिवसांनी कळलं. मी ताट पुढे केलं आणि त्यानं ते घेता घेता माझं बोट धरलं. नखांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. तो बराच वेळ ते नख बघत राहिला. "हळद कुटतेस का कुठे?" असं तो म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "मला विचारायचं तरी." मी म्हटलं, "विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास." ते खरं होतं, आणि ते त्यालाही माझ्याआधीपासून ठाऊक असावं. सकाळी पाण्याचा पेला होता, गोळी नव्हती. नवी पट्टी त्यानं फेकली नव्हती, फळीवर कपांच्या मागे सरकवली होती. ती मला दिसू नये म्हणून सरकवली की हाताशी राहावी म्हणून, ते मी विचारलं नाही.

या गोष्टीला आता थोडे दिवस झाले. खोलीतला वास रोज जरा जरा कमी होत गेला. मी मुद्दाम दारात मास्कशिवाय क्षणभर थांबायची आणि बघायची, आहे का. होता. मग अर्धवट होता. आज सकाळी 'ए'चं पिंप संपलं म्हणून नवं आत घ्यायला मी दार सताड उघडलं. टेबलावर नवीनं मान वर केली, तोंड वाकडं केलं आणि नाक मनगटानं दाबून धरलं. तिला मळमळत होतं. माझी उशी तिनं कधीतरी बसायला परत घेतली होती. तिनं पर्स उघडली, पट्टीतून एक गोळी काढली, एकच, पाण्याबरोबर घेतली आणि माझ्याकडे न बघता लेबलं लावायला लागली. ती पट्टी माझी नव्हती, तिची तिनं आणलेली नवी होती. तिच्या त्या वाकड्या तोंडाचा, त्या मळमळीचा मला इतका हेवा वाटला की पिंपाची कड दोन्ही हातांनी धरावी लागली. मी मास्क खाली ओढला आणि खोल, पोट भरून श्वास घेतला. कसलाच वास आला नाही.